तमिस्रेच्या अलीकडे

अरिंजयाला तमिस्रा नदी ओलांडायची परवानगी मिळाली.

वरचं वाक्य वाचलं असेल तर कृपा करून विसरून जा. असं काही झालेलं नाही. अरिंजय अजून अलीकडच्या काठावरच उभा आहे, हातात तलवार, पोटात भूक आणि समोर घाटनाक्याचा कारकून. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण तिथवर सगळं ठीक चाललं होतं.

"तुमचा हा अरिंजय जेवतो?" उमराणी सरांनी हातातलं खेळाचं कार्ड आमच्यापुढे नाचवत विचारलं.

"जेवतो, सर," मी म्हणालो. "दर मुक्कामाला. नाही जेवला तर त्याची ताकद उतरते."

"हे मी कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, सर."

"पाच भाग आहेत. पाच भागांत तो एकदाही जेवलेला नाही."

"मग मेला असता ना, सर," गार्गी म्हणाली.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तो टेबलाचा पाय निघाला.

सदानंद उमराणी म्हणजे 'धूम्रगड' या कादंबरीमालेचे लेखक. आमच्या सांगलीतल्या एका अख्ख्या पिढीने भूगोलाच्या पुस्तकात लपवून या कादंबऱ्या वाचल्या आणि भूगोलात गटांगळ्या खाल्ल्या. सर पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. त्यामुळे त्यांच्या राज्यांत राक्षस होते, माणसं वाहून नेणारी गिधाडं होती, पण कालव्याला पाणी मात्र पाळीनेच सुटायचं. पाचव्या भागाचं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: 'समोर तमिस्रा वाहत होती, पलीकडे धूम्रगड दिसत होता, आणि घाटावर नाक्याचा कारकून बसला होता.' त्याखाली छापलं होतं, 'सहावा भाग लवकरच.' मी ते वाचलं तेव्हा आठवीत होतो, आणि ते 'लवकरच' तेव्हाही पिवळं पडलेलं होतं.

सहावा भाग आला नाही म्हणून मी आणि गार्गीने त्या पाच भागांचा खेळ केला. एकाने गोष्ट सांगायची, त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुठे अडलं की फासा टाकायचा. माझ्या आईने हे सगळं शांतपणे ऐकून विचारलं होतं, "म्हणजे भातुकली?" मी म्हणालो, "हो, पण नियमांचं पुस्तक जाड असतं."

पुण्यातले एक प्रकाशक खेळ छापायला तयार होते. त्यांना लेखकाची सही हवी होती, बाकी काही नको होतं. गार्गीने या खेळापायी बँकेची परीक्षा सोडली होती आणि घरी सांगितलं होतं की पेपर पुढे गेलाय. मी कुठलीच परीक्षा सोडली नव्हती, कारण मी कुठल्याच परीक्षेला बसलो नव्हतो. तर सहीसाठी आम्ही त्या रविवारी सरांच्या विश्रामबागेतल्या बंगलीच्या व्हरांड्यात बसलो होतो.

"आधी गुणदोष सांगा," सर म्हणाले. "खात्यात बंधाऱ्याचेसुद्धा आधी गुणदोष मांडायला लागायचे."

"गुण म्हणजे, खेळ मूळ कादंबऱ्यांशी पूर्ण प्रामाणिक आहे," मी म्हणालो.

"आणि दोष?"

"तोच," गार्गी म्हणाली.

या वेळी मी नीट बघून पाय दिला.

"म्हणजे असं की," ती पाय चोळत म्हणाली, "दुसऱ्या भागात चाळीस पानं कालवा खणतात ना, सर? आमच्या खेळात पण खणतात. दोन रविवार जातात. आमचे तीन मित्र त्या कालव्यावरच खेळ सोडून गेले. एक तर गाव सोडून गेला, पण त्याला दुसरी कारणं होती."

सर पहिल्यांदा खूश दिसले. "कालवा असाच होतो. माणसं जातात, कालवा राहतो." मग कार्ड पुन्हा उचलून म्हणाले, "दोनच अटी. पुस्तकात नाही ते खेळात नको. पुस्तकात आहे ते गाळायचं नाही. हे जेवण काढा."

"काढतो," मी म्हणालो.

"कुणाचं जेवण काढताय?" आतून काकू, सरांच्या पत्नी, भडंगाचं ताट घेऊन आल्या.

"अरिंजयाचं," सर म्हणाले. "माझा नायक."

"तो जेवत नाही?"

"पाच भागांत एकदाही नाही," गार्गीने माहिती दिली.

"अगं, महाकाव्यात जेवणं नसतात," सर म्हणाले.

"रांधणारी नसेल तिथे," काकू म्हणाल्या आणि ताट नेमकं सरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवलं.

सरांनी विषय बदलला. "खेळून दाखवा. पाचवा भाग जिथे संपतो तिथून. अरिंजय मी होतो. तो नदी पार करून पलीकडच्या काठावर पोचला, की लगेच सही."

मी आणि गार्गीने एकमेकांकडे पाहिलं. नदी ओलांडणं म्हणजे एक होडी आणि फार तर एकदा फासा. आमच्या अंदाजाने चहा निवायच्या आत सही हातात पडणार होती. सहावा भाग नेमका याच नदीवर अडलाय आणि सरांनाच पलीकडे कसं जायचं ते माहीत नाही, हे तेव्हा आम्हाला कळायला हवं होतं. पण आम्ही प्रामाणिक होतो, हुशार असल्याचा दावा कुठेच केलेला नव्हता.

गार्गी यामिनी जादूगारीण झाली. मी सूत्रधार. आता फक्त कारकून उरला होता. पाचव्या भागात त्याला एक वाक्य आहे, तेही अर्धं.

"हिला घ्या," सर म्हणाले. "बसलीच आहे."

"मी यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही हो," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे फक्त चहाचं खातं होतं."

"काही लागत नाही, काकू," मी कारकुनाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. "नावं विचारायची आणि सोडून द्यायचं."

काकूंनी चष्मा लावला. कार्डावर दोनच ओळी होत्या. पहिली चौथ्या भागातली, जशीच्या तशी: 'घाटावरच्या कारकुनाचे समाधान झाल्याखेरीज राजाही पलीकडे जात नसे.' दुसरी मी घातलेली, जेवण काढल्यावर अख्ख्या खेळात पुस्तकाबाहेरची अशी एकच, कारण नाहीतर खेळ फार एकतर्फी झाला असता: 'समाधान झाल्यावर मात्र कारकुनाला अडवता येणार नाही.' सरांच्या नजरेतून ती सुटली होती. त्यांनी कारकुनाचं कार्ड वाचलंच नव्हतं.

काकूंनी पहिली ओळ पुन्हा वाचली. "समाधान कुणाचं? माझं?"

"हो."

"हे यांनी लिहिलंय?"

"चौथा भाग, काकू. दहावं प्रकरण."

जुन्या साडीच्या घडीत सोन्याची वाटी सापडावी तसं त्यांनी सरांकडे पाहिलं. मग पदर खोचला, खुर्ची ओढून टेबलाच्या बरोबर मध्ये घेतली आणि म्हणाल्या, "या. पुढचे कोण?"

मी माझा सूत्रधाराचा आवाज काढला. तो आवाज मी आरशासमोर बसून तयार केला होता. "सांज झाली आहे. तमिस्रेचं काळं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर आपटतं आहे. धुक्यातून एक वीर पुढे येतो..."

"नाव?" काकू म्हणाल्या.

"अरिंजय," सर छाती काढून म्हणाले.

"पूर्ण नाव."

"अगं, अशा लोकांना पूर्ण नाव नसतं."

"कारकुनाला 'अगं' म्हणतात?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, पात्राच्या भाषेत बोलावं लागतं," मी म्हणालो. "नाहीतर एक फासा कमी होतो."

सरांनी घसा साफ केला. "हे कारकुना! मी अरिंजय. पिंगळपुराचा रक्षक, शत्रूंचा काळ. बाजूला हो!"

"राहायला पिंगळपूर," काकू म्हणाल्या. "चाललात कुठे?"

"धूम्रगडावर. दुष्ट धूमकेशाचा वध करायला."

"परत कधी येणार?"

"परत?"

"हो. गेलेला माणूस परत येतो ना? कुठल्या दिवशी?"

"परत यायचं असं... अजून ठरलेलं नाही."

"घरी सांगून आलात?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सूत्रधाराने अशा वेळी छताकडे बघावं असा नियम नाही, पण मनाई पण नाही.

"घरी कोण असतं तुमच्या?" काकूंनी विचारलं.

"घर पहिल्याच पानावर सोडलंय त्याने," सर चिडून म्हणाले. "पुढे घराचा संबंधच येत नाही."

"म्हणजे घर आहे."

गार्गीला या असल्या वेळी फार उत्साह येतो. तिने पिशवीतून पहिला भाग काढून पान उघडलंसुद्धा. "सापडलं! 'पाठीमागे दार लागले. अरिंजयाने वळून पाहिले नाही.' पान एक."

"दार कुणी लावलं?" काकू म्हणाल्या.

"वाऱ्याने," सर म्हणाले.

"वाऱ्याने लावलेलं दार आपटतं. आपटलं असं लिहिलंय का गं?"

"नाही, काकू. नुसतंच 'लागले' आहे."

"मग कुणीतरी लावलं."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पाच भाग आणि इतकी वर्षं, हजारो वाचक, आणि ते दार कुणी लावलं हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मला तर नाहीच. मी तिथून पुढे गिधाडं येतात म्हणून पान भराभरा उलटलं होतं.

"बायकोने लावलं असेल," सर शेवटी म्हणाले.

"तिचं नाव?"

"ते कशाला?"

"बायकोचं नाव माहीत नसलेल्या माणसाला मी पलीकडे सोडू? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर कळवू कुणाला?"

"मी तलवार उपसतो!" सर गरजले.

"कारकुनावर शस्त्र चालत नाही, सर," मी म्हणालो. "दुसरा भाग. 'लेखणी धरणाऱ्यावर शस्त्र उचलणे हा अधर्म होय.'"

"मग यामिनी याला झोपवेल. मंत्र टाक, गार्गी!"

गार्गीने फासा टाकला. चांगला सहा पडला. मी म्हणालो, "निद्रामंत्र लागू. कारकुनाला पेंग येऊ लागते..."

"मला दुपारचीसुद्धा झोप लागत नाही," काकू म्हणाल्या. "यांना विचारा. नाही, यांना नका विचारू, यांना माहीत नसेल."

"गिधाड!" सर म्हणाले. "गिधाडावर बसून वरून जातो!"

"'घाट टाळून तमिस्रा ओलांडणाऱ्याचे पाय दगडाचे होतात,'" गार्गीने वाचून दाखवलं. "तिसरा भाग."

"हे मी कशाला लिहिलं?"

"प्रामाणिकपणा, सर," मी म्हणालो.

सर बराच वेळ टेबलावरच्या नदीच्या निळ्या कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वेळ पाहिजे."

"घ्या की," काकू उठल्या आणि ताटातलं उरलेलं भडंग माझ्यासाठी एका डब्यात भरू लागल्या. "पुढच्या रविवारी या. नाव ठरवून."

स्वतःच्या नवऱ्याला, स्वतःच्या व्हरांड्यात त्या म्हणाल्या, पुढच्या रविवारी या. आणि सर म्हणाले, "बरं."

पुढच्या रविवारी सर नाव घेऊन आले. म्हणजे आतल्या खोलीतून आले. "मंदाकिनी."

"बरं. कशी आहे?"

"रूपवती. मृगनयनी. तिच्या..."

"कादंबरीत सगळ्याच तशा असतात. भाजी कुठली आवडत नाही तिला?"

सरांनी कारलं म्हटलं, काकूंनी मान हलवली. भेंडी म्हटलं, तरी हलवली. चाकवत म्हणाले तेव्हा काकूंनी 'चाकवत कुणाला आवडत नाही?' असं म्हणून त्यांना सरळ रांगेच्या शेवटी पाठवलं. रांगेत ते एकटेच होते, तरी ते उठून टेबलाच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

त्या आठवड्यात सर जेवायला बसले की म्हणे काकूंच्या ताटाकडे बघायचे. हे मला खुद्द काकूंनी सांगितलं. "माझ्या ताटात डोकावतात हो, नवीनच. मला वाटलं वरण कमी पडलं." तिसऱ्या रविवारी सरांनी धापा टाकत उत्तर दिलं: "पडवळ! ती सगळ्यांना वाढते आणि स्वतः घेत नाही!" काकूंच्या चेहऱ्यावर काही उमटलं आणि त्यांनी ते पदराने पुसलं.

"पुढचा प्रश्न," त्या म्हणाल्या.

मग घाटावर आमचं बस्तानच बसलं. काकू प्रश्न विचारायच्या, सर आठवडाभर उत्तर शोधायचे. मंदाकिनीला कशाची भीती वाटते? लग्नाआधी ती काय शिकत होती, आणि का सोडलं? एकटी असताना ती कुठलं गाणं म्हणते?

"ती गाते?" सरांनी विचारलं होतं.

"शोधून काढा," कारकून म्हणाला.

एकदा मी मधल्याच वारी डबा परत करायला गेलो, तर सर स्वयंपाकघराच्या दाराबाहेर स्टुलावर कान देऊन बसले होते. मला बघून तोंडावर बोट ठेवलं. आत काकू भांडी लावत गुणगुणत होत्या. "त्याच्या बायकोला उंचीची भीती वाटते," सर माझ्या कानात म्हणाले. "आमच्या हिला... म्हणजे त्याच्या. गच्चीवर वाळवण घालताना ती कठड्याकडे पाठ करते. किती वर्षं हे बघतोय मी, आणि दिसलं आत्ता."

खेळ म्हणून हे सगळं भयंकर होतं. सूत्रधाराला सांगायला काही नव्हतं, सांज होती ती सांजच राहिली. गार्गीची जादूगारीण रांगेत उभी राहून इतकी कंटाळली की तिने घाटावर चहाची टपरी टाकली. नियमात बसत होतं. पुढे तिने वडेही ठेवले.

पुण्याहून प्रकाशकांचे फोन येत. "नदी झाली का?"

"अजून नाही."

"अहो, फासा टाका आणि मोकळे व्हा."

"फाशाचा प्रश्न नाही. ती गाणं कुठलं म्हणते, तिथे अडलंय."

"कोण ती?"

"नायकाची बायको."

"नायकाला बायको आहे?"

"आत्ताच कळलंय. त्यालाही."

मे महिना संपताना प्रकाशकांनी मुदत घातली. पावसाळ्याआधी सही नाही आली तर दुसरा खेळ छापणार. तो भुतांचा होता आणि त्यात नदी नव्हती. गार्गीच्या घरी पुढे ढकललेला पेपर खरोखरच जवळ आला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंना एकटं गाठलं.

"काकू, सोडा ना आता त्याला. आमचं सगळं अडलंय."

"माझं समाधान नाही झालेलं," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या. दर रविवारी त्या आता इस्त्रीची साडी नेसायच्या, नाक्याला शोभेल अशी.

"पण उत्तरं तर सगळी बरोबर देतायत."

"एक राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते नाही यायचं त्यांना. तू भडंग खा."

त्या रविवारी आकाश भरून आलं होतं आणि उकडत होतं. सर कारकुनासमोर उभे राहिले. हल्ली ते छाती काढत नसत. तलवारीचं कार्ड त्यांनी कधीच खिशात टाकून दिलं होतं.

"शेवटचा प्रश्न," काकू म्हणाल्या. "तुम्ही निघालात तेव्हा ती काय म्हणाली?"

हा प्रश्न त्यांनी आधीही दोनदा विचारला होता. पहिल्यांदा सरांनी सांगितलं होतं, "विजयी भव." काकू हसल्या होत्या. दुसऱ्यांदा सांगितलं होतं, "लवकर या." त्यावर काकू हसल्या नव्हत्या, पण मान हलवली होती.

आता सरांनी आधी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. गार्गीने टपरीवरचा स्टोव्ह बारीक केला. म्हणजे तसं तोंडाने सांगितलं.

"काही नाही म्हणाली," सर म्हणाले. "तिला काहीतरी सांगायचं होतं. पण माझं डोकं पुढच्या प्रकरणात होतं. तिने पाहिलं की माझं लक्ष नाही. मग तिने कडी धरून दार लावून घेतलं. आवाज होऊ न देता. मला त्रास नको म्हणून. रोज. म्हणून पुस्तकात ते आपटलेलं नाही."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. मला ते स्पष्ट दिसलं. मग त्यांची नजर हातातल्या कार्डावर गेली, दुसऱ्या ओळीवर, पुस्तकाबाहेरच्या.

"समाधान झालं," काकू म्हणाल्या. "जा."

गार्गी खुर्चीवरून उठून नाचली. मी होडी ढकलली, फासा टाकायचीही गरज नव्हती. सर एकटक त्या निळ्या कागदाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटल्यासारखं झालं.

"सुचलं," ते म्हणाले. "अगं, सुचलं! पलीकडचं सगळं दिसायला लागलं. तो कारकुनाकडे वळून बघतो आणि..." त्यांनी माझ्या हातातलं पेन ओढलं, परवानगीच्या कागदावर न वाचता सही केली, आणि पेन घेऊनच आतल्या खोलीत गेले. टेबलाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कागदांचा.

पेन माझं होतं. ते मला परत मिळालं नाही. तो मुद्दा वेगळा.

काकू थोडा वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी होडी, अरिंजय, गिधाड असं सगळं एकेक करून डब्यात भरलं. कारकुनाचं कार्ड तेवढं माझ्यापुढे सरकवलं. आतून सरांचा आवाज आला, "चहा टाकतेस का गं?" नेहमीचा आवाज. आठवड्यांमागून आठवडे आम्ही तो ऐकला नव्हता.

काकू उठल्या, खोलीपाशी गेल्या, आणि कडी धरून दार लावून घेतलं. आवाज अजिबात झाला नाही.

"काकू," मी म्हणालो, "नाही म्हणता आलं असतं की. कुणाला कळलं असतं?"

"खोटं कसं बोलू? नाक्यावर बसलेय मी." त्या गॅसपाशी गेल्या. "तुझा नियम चुकला रे, निनाद. उत्तर बरोबर आलं की माणूस सुटतो. चुकत होते तोवर बरं होतं. चहा घेणार ना तुम्ही?"

खेळ छापला गेला. गार्गीने बँकेची परीक्षाही दिली, आता ती मिरजेच्या शाखेत असते आणि लोकांना 'पूर्ण नाव?' असं विचारते तेव्हा मला जरा धास्तीच वाटते. खेळावर एका मासिकात चार ओळी आल्या. गुण: मूळ कादंबऱ्यांशी प्रामाणिक. दोष: घाटनाक्यावर अकारण रेंगाळतो, तो भाग पुढच्या आवृत्तीत गाळावा.

सहावा भाग अजून आलेला नाही. सर लिहितायत. मी अधूनमधून रविवारी जातो, व्हरांड्यात बसतो. भडंग तसंच असतं. इस्त्रीची साडी मी परत पाहिली नाही. एकदा पडवळाची भाजी होती. काकूंनी ती सरांच्या ताटात वाढून आत नेली, आणि रिकाम्या हाताने बाहेर येऊन दार लावलं. तेव्हा घरी आल्यावर मी खालील अर्ज लिहिला. तो मंजूर करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला आहे आणि नियमाप्रमाणे त्या व्यक्तीला तो मंजूर करता येत नाही. नियम माझा आहे, पण आता छापून झाला आहे.

प्रति,
मा. कारकून, घाटनाका, तमिस्रा नदी, अलीकडचा तीर.

विषय: अरिंजय नामक प्रवाशाचा परवाना रद्द करून त्यास रांगेत पूर्ववत उभे करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर प्रवासी आपले समाधान करून पलीकडे गेला असून तो अद्याप परतलेला नाही. परतीचा दिवस त्याने सांगितलेला नव्हता, ही बाब आपल्याच निदर्शनास पहिल्या रविवारी आली होती. सबब त्याच्या सर्व उत्तरांची फेरतपासणी व्हावी. पडवळाबाबतचे उत्तर विशेष संशयास्पद वाटते. त्यात चूक आढळल्यास, व ती आढळेल अशी व्यवस्था करण्यास सूत्रधार तयार आहे, सदर प्रवाशास अलीकडे आणून रांगेच्या अगदी शेवटी उभे करावे, आणि चौकशी 'नाव?' या प्रश्नापासून नव्याने सुरू करून ती कोणत्याही परिस्थितीत पूर्ण होऊ देऊ नये, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
सूत्रधार

सोबत: भडंगाचा डबा, धुऊन.